मागच्या सीटवरून...

गाडी घेताना आपण मायलेज बघतो, कलर बघतो, म्युझिक सिस्टिम वाजवून बघतो. मागच्या दोन चाकांच्या मध्ये वाकून कोण बघतं? मीही बघितलं नव्हतं. आईची पाठ बोलायला लागेपर्यंत!

आधी 'खट्' असा आवाज यायचा. मग 'आई गं!' असा.

पहिला गाडीचा, दुसरा माझ्या आईचा. स्थळ बहुतेक वेळा काटई नाक्याच्या अलीकडे-पलीकडे. कल्याण-शीळ रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी आपलं सुख आपल्यापाशी ठेवावं.

गेल्या वर्षी आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. एल-फोर, एल-फाइव्ह. तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरी केलेल्या बाईचं हे कधी ना कधी होणारच होतं, असं आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने आम्हाला ऐकवून झालं. डॉक्टर मात्र एवढंच म्हणाले, 'काही महिने धक्के टाळा.' डोंबिवलीकराला धक्के टाळायला सांगायचं म्हणजे माशाला 'भिजू नकोस' म्हणण्यासारखं. पण डॉक्टर पडले ठाण्याचे!

फिजिओथेरपी नौपाड्यात, आठवड्यातून दोनदा. लोकलचा विचारही करायचा नव्हता. टॅक्सी करून पाहिली, तीन फेऱ्यांत महिन्याचं बजेट संपलं. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'तशी ती घरीच असते.' त्यामुळे ड्रायव्हरच्या पदावर माझी बिनविरोध निवड झाली. साठवलेल्या पैशांत एक सेकंडहॅण्ड सेडान घेतली. वय वर्षं चौदा. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाहीये. चौदा वर्षं आपल्या रस्त्यांवर काढल्यावर कुणाचीही हाडं वाजतील, त्यात हिची एकटीची बदनामी कशाला?

गाडी दाखवणारा एजंट म्हणाला होता, 'मॅडम, मागे आयआरएस आहे. एकदम मक्खन!' आयआरएस म्हटल्यावर मला इन्कम टॅक्सवाले आठवले. मी गंभीरपणे मान डोलावली आणि एसी किती थंड होतो ते चेक केलं.

आई मागेच बसायची. पुढे बसलं की तिला 'परीक्षेला बसल्यासारखं' वाटतं. मागे उशी लावता येते, पाय जरा आडवे करता येतात, शिवाय मागून सूचनाही छान देता येतात. पण दोन-तीन फेऱ्यांतच एक गोष्ट लक्षात आली. खड्डा तोच, गाडी तीच. पण मला तो नुसता कळायचा आणि तिला तो लागायचा.

याचं अर्धं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत असतं. गणपतीला एसटीने कोकणात गेलेल्या कुणालाही विचारा, शेवटची सीट का नको? कारण ती मागच्या चाकांच्याही मागे असते. कारमध्ये पुढच्या सीटा चारही चाकांच्या साधारण मध्यावर येतात, सी-सॉच्या मधल्या खांबाजवळ बसल्यासारख्या. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच. त्यात वेळेचाही भाग आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकात अडीच मीटर अंतर धरलं, तर पुढच्या चाकाने खाल्लेला खड्डा पाव सेकंदात मागचं चाक खातं. मला रस्ता दिसत असतो, स्टिअरिंगवरचे हात आधीच सावध झालेले असतात. मागे डोळे मिटून बसलेल्या आईला तेवढीही सूचना मिळत नाही.

'वर-खाली झालं तर चालतं गं,' ती एकदा मुंब्रा बायपासवर म्हणाली, 'पण ही मधेच पिळते ना, ते नाही सहन होत.'

पिळते? मी तो शब्द सोडून दिला. सोडायला नको होता.

मग टायरचं प्रकरण झालं. एका चकाचक टायर शोरूममध्ये कॉम्प्युटरवर चारही चाकांची अलाइनमेंट केली. स्क्रीनवर पुढची दोन चाकं हिरवी, मागची दोन लाल. लाल का, म्हणून विचारलं. 'मागचं नाय होत मॅडम, बोल्ट जाम आहे. टायर गेलेत, ते बदलून घ्या.' घेतले. दोन नवे कोरे टायर, खिशाला चांगलंच भोक! चार महिन्यांनी हवा भरणाऱ्या पोऱ्याने सहज टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि म्हणाला, 'ताई, तार दिसते.' बाहेरून टायर नव्यासारखे. आतली कड मात्र घासून गुळगुळीत, आणि एका ठिकाणी रबरातून तार डोकावत होती. याच टायरवर मी आईला घेऊन बायपासचा उतार उतरत होते. (आई, तू हे वाचत असशील तर सॉरी. तेव्हा सांगितलं नव्हतं.)

पत्ता त्याच पोऱ्याने दिला. डोंबिवली एमआयडीसीच्या पोटातलं एक गॅरेज. एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला वडापाववाला. गॅरेजवाले काका साठीच्या आसपासचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले आणि पोराला गाडी समोरच्या गटाराच्या झाकणावरून दोनदा न्यायला लावली. उतरल्यावर विचारलं, 'इथे कोण बसतं?'

'आई. मणक्याचं ऑपरेशन झालंय.'

'मग ताई, आधी आईंना पुढे बसवा. बाकीचं नंतर बघू.'

(आई काही पुढे बसली नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

गाडी पिटवर घेतली, म्हणजे शेवटी खड्ड्यावरच! मला म्हणाले, 'या खाली.' कुर्ता सांभाळत उतरले. डोक्यावर गाडीचं पोट, ग्रीस आणि चिखलाचा वास, आणि सळया-रॉडचं एक जाळं. मी पत्रकारितेतला हुकमी प्रश्न विचारला, 'काका, अगदी सोप्या भाषेत सांगाल?'

त्यांनी कोपऱ्यातली एक मीटरभर लांब जाड सळई आणली, त्यांची टॉमी. बोल्ट उचकटायला, गंजलेलं काहीतरी रेटायला वापरतात ती. 'दोन्ही हात पुढे करा, तळवे वर.' सळई माझ्या तळव्यांवर आडवी ठेवली. 'आता डावा हात वर उचला.' उचलला. सळई तिरकी झाली आणि उजव्या तळव्यावर वाकडी टेकली. 'हा एकसंध अॅक्सल. बैलगाडीचा आस असतो ना, तोच. जीप, ट्रक, सगळीकडे. एका चाकाने दगड चढला की दुसरं चाक काही न करता वाकडं होणार. आणि वर बसलेला माणूस एकदा इकडे, एकदा तिकडे.' मग त्यांनी सळई काढून घेतली. 'आता उचला डावा हात.' उचलला. उजवा जागचा हलला नाही. 'हे इंडिपेंडंट. डाव्याचं दुखणं डाव्यापाशी.'

मग आईने सांगितलेलं ते 'पिळणं' मी त्यांना सांगितलं. काकांनी मान हलवली, 'बरोबर ओळखलंय त्यांनी. तुमच्या गाडीला ते व्हायला नको. तिची मांडणी चांगली आहे, पण बुश मेलाय.'

मांडणी अशी. मागच्या प्रत्येक चाकाचा एक ठोकळा असतो, त्यावर चाक फिरतं. या ठोकळ्याला जागेवर धरायला चार हात. एक लांब हात पुढे जातो आणि गाडीच्या अंगाला बोल्टने टांगलेला असतो. याचं नाव ट्रेलिंग आर्म. दाराची बिजागरी आडवी लावली तर दार जसं वर-खाली उघडेल, तसं हा आर्म चाकाला वर-खाली जाऊ देतो. ब्रेक मारला, खड्ड्याची कड चाकावर आदळली, की मागे ढकलणारा तो सगळा जोर यानेच सोसायचा. बाकीचे तीन हात आडवे, गाडीच्या मध्याकडे जाणारे, एक वर आणि दोन खाली. वळणावर चाक बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून हे. वरचा आखूड असतो, खालचे लांब. मी विचारलं, सारखे का नाहीत? काका खूश झाले, 'आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं!' वळणावर गाडी एका अंगावर कलते. तेव्हा बाहेरचं चाकही गाडीबरोबर कललं तर टायर कडेवरच टेकेल. वरचा हात आखूड असल्यामुळे चाक वर सरकताना त्याचं डोकं किंचित आत ओढलं जातं, आणि रस्त्याच्या हिशोबाने ते सरळच उभं राहतं. असे चार-पाच हात असले की त्याला मल्टिलिंक म्हणतात. प्रत्येक हात एकेकच काम करतो, म्हणून इंजिनिअरला प्रत्येकाची लांबी हवी तशी ठरवता येते.

वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. हे मला माहीत नव्हतं आणि पैज लावते, तुमच्यातल्या निम्म्यांना नसेल. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी शीळफाट्यापर्यंत उड्या मारत गेली असती. शॉकअप म्हणजे तेल भरलेला सायकलचा पंप. आतल्या बारीक छिद्रांतून तेल ढकलायला जोर लागतो, त्यात उडीची ताकद खर्च होते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो. आपल्या खड्ड्यांचं शेवटी तेवढंच होतं.

आणि या सगळ्या हातांच्या टोकाला बुश. लोखंडाच्या दोन नळ्या, मध्ये रबर. त्यातही ट्रेलिंग आर्मचा पुढचा बुश सगळ्यात मोठा आणि मऊ, कारण खड्ड्याच्या कडेचा ठोसा पहिला त्याच्यावर येतो. काकांनी टॉमी आत घालून आर्म थोडा रेटला. रबर फाटून नळीपासून सुटलं होतं. लोखंड लोखंडावर आपटलं. खट्!

तोच तो आवाज! काटई नाक्याचा. मला इतका आनंद झाला की जणू चोर पकडला.

बुश गेल्यामुळे चाकाला धरणारे हात चारच राहिले, पण त्यातला एक सैल. ब्रेक मारला की चाक थोडं बाहेर वळायचं, माणूस फेंगडा चालावा तसं. सरळ जातानाही टायर रस्त्यावर तिरका घासायचा, म्हणून आतली कड खाल्ली गेली. आणि डावं चाक खड्ड्यात गेलं की गाडीची मागची बाजू किंचित आडवी हलायची. तेच ते पिळणं. एजंटचा 'मक्खन' खरा होता, फक्त दहा वर्षांपूर्वीचा.

आता त्या टॉमीची गोष्ट. काम चालू असताना काका म्हणाले, 'ही सळई कशाची आहे, ओळखा.' दोन्ही टोकांना बारीक दाते होते, गिअरसारखे. मला काय ओळखू येणार! 'प्यूजोची. आपल्या इथल्या.'

आपल्या इथल्या? डोंबिवलीत फ्रेंच गाडी? मी डोंबिवलीत जन्मले, वाढले. आम्हाला 'प्रीमियर' म्हणजे कल्याण-शीळ रस्त्यावरचं मैदान माहीत, सभा-बिभा होतात ते. ते नाव कुठून आलं हे विचारायचं कधी सुचलंच नाही. ते आलं प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यावरून. कंपनीची पद्मिनी कुर्ल्याला बनायची, ती टॅक्सीवाली काळी-पिवळी. १९९४ मध्ये याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला सुरुवात केली. युरोपात ही गाडी १९८५ मध्ये आली होती. तिथे तिचे दिवस भरले तेव्हा ती आपल्याकडे नवीन होती! पुढे कामगारांचे वाद, भागीदारांचे वाद, आणि दशक संपायच्या आत प्यूजो भारतातून गेलीसुद्धा. तेव्हा काका ऐन तारुण्यात होते आणि एका गॅरेजात या गाड्या उघडायला शिकत होते.

माझ्यासाठी गंमत अशी की पद्मिनीच्या मागे एकसंध अॅक्सल आणि पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. बैलगाडीची शहरात आलेली नात म्हणा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या मागच्या सीटवर बसून ज्यांनी दादर ते व्हीटी केलंय त्यांना तो झुलता पाळणा आठवत असेल. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. आणि त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून निघणाऱ्या ३०९ ला मागे चक्क पूर्ण इंडिपेंडंट सस्पेन्शन! तेही स्प्रिंगशिवाय.

म्हणजे गोल वळ्यांची स्प्रिंग नाहीच. गाडीच्या खाली एक आडवी नळी, तिच्या दोन टोकांना दोन ट्रेलिंग आर्म, आर्मच्या शेवटी चाकं. आणि नळीला लागून दोन आडव्या सळया, टॉर्शन बार. सळईचं एक टोक आर्मला घट्ट, दुसरं टोक पलीकडच्या बाजूला पक्कं बसवलेलं. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि सळई पिळली जाते, ओला टॉवेल पिळावा तशी. पोलाद ते, पिळलं की उलटं सुटायला बघतं आणि चाकाला खाली ढकलतं. झाली स्प्रिंग! दाते असतात ते सळई पक्की बसावी म्हणून. दोन-चार दाते फिरवून बसवली की गाडीची मागची उंचीही कमी-जास्त करता येते. शॉकअपही जवळजवळ आडवे टाकलेले. त्यामुळे डिकीत स्प्रिंगचे उंचवटे नाहीत, सपाट आणि रुंद जागा. फ्रेंच लोकांना खेड्यातल्या रस्त्यांवरून सामान भरून जायची सवय, त्यांनी हे चांगलंच घोटून ठेवलं होतं.

'पण तिचं एक दुखणं होतं,' काका म्हणाले. आर्मचा दांडा त्या नळीत सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर फिरतो. वरचं रबरी सील गेलं की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंग दांड्यालाच खातं. मग मागची दोन्ही चाकं डोकी आत करून उभी. प्यूजोवेडे लोक जगभर हे लक्षण लांबूनच ओळखतात. काकांच्या मते ती गाडी बसायला जितकी सुंदर, तितकीच आपल्या पावसाळ्यात राबवायला नाजूक. 'कुणीतरी भंगारात काढली, तेव्हा ही सळई ठेवून घेतली. असलं पोलाद परत मिळत नाही. वाकत नाही ती!'

मी ती टॉमी परत हातात घेतली. दहा मिनिटांपूर्वी काकांनी मला एकसंध अॅक्सल समजवायला वापरली, ती निघाली इंडिपेंडंट सस्पेन्शनचा अवयव!

घरी येऊन मी दोन रात्री हेच वाचत बसले. डेडलाइन दुसऱ्याच लेखाची होती, ते सोडा. मागची चाकं नुसतीच मागून येत असतील, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असेल, तर मागे असं सस्पेन्शन देणं तुलनेने सोपं. मागच्याच चाकांना ताकद द्यायची असेल तर डिफरन्शियल गाडीच्या अंगाला बांधावं लागतं आणि तिथून प्रत्येक चाकापर्यंत वाकू शकणारा वेगळा दांडा न्यावा लागतो. खर्च वाढतो. पण फायदाही मोठा. डिफरन्शियलचा तो जड गोळा चाकांबरोबर नाचत नाही. स्प्रिंगच्या खाली जितकं वजन कमी, तितकं चाक चटकन वर जाऊन चटकन रस्त्यावर परत येतं, आणि वरच्या माणसाला कमी कळतं. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० या मॉडेलच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच लिंक दिल्या, त्या याच हिशोबाने. तीच कल्पना पुढे ई-क्लासमध्ये आली आणि १९९५ पासून ती गाडी आपल्या पिंपरीत जुळवली जाऊ लागली. आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या गाड्यांत इंडिकाने (१९९८) आणि नॅनोने (२००९) मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं. दोन्ही आता बनत नाहीत. चाकणहून निघालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० (२०११) आणि एक्सयूव्ही ७०० (२०२१) या दोघींच्या मागे मल्टिलिंक.

पण सगळ्यात भारी शोध वेगळाच लागला. डोंबिवलीत सर्वात जास्त इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन कुठे आहेत माहितीये? रिक्षा स्टॅण्डवर! खरंच. आपल्या नेहमीच्या बजाजच्या रिक्षाच्या मागच्या दोन चाकांत एकसंध अॅक्सल नाही. इंजिन मागे, आणि प्रत्येक चाक आपापल्या ट्रेलिंग आर्मवर. मर्सिडीजची भाची! मग शेअर रिक्षात आपली हाडं का खिळखिळी होतात? कारण चाक केवढंसं, रिम फक्त आठ इंची. लहान चाक खड्ड्याच्या काठावरून जात नाही, खड्ड्यात उतरतं. चाकाला वर-खाली व्हायला जागाही कमी. आणि मागे तीन, पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा. मांडणी कितीही चांगली असली तरी तिने किती ओझं उचलायचं?

त्यामुळे 'इंडिपेंडंट म्हणजे भारी, बाकी भंगार' असं मानणाऱ्यांत मी नाही. आज आपण घेतो त्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान एसयूव्हीच्या मागे ट्विस्ट बीम असतो, म्हणजे दोन आर्म आणि त्यांना जोडणारी एक पिळू शकणारी पट्टी. ब्रोशरमध्ये 'टॉर्शन बीम' किंवा 'सेमी-इंडिपेंडंट' लिहिलेलं असतं ते हेच. (टॉर्शन बार आणि टॉर्शन बीम एक नव्हेत. शोरूममधल्या मुलाला हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.) त्याला बुश दोनच. माझ्या गाडीला एका बाजूला मोजले तर हाताच्या बोटांवर मावले नाहीत. जितके हात, तितके बुश, तितकी पुढची बिलं. आणि घाटात दहा माणसं भरून जाणाऱ्या जीपला पाटे आणि एकसंध अॅक्सलच बरा, असं काकांचंही मत. वजन वाढलं तरी त्याची चाकं वाकडी होत नाहीत. सेकंडहॅण्ड मल्टिलिंक घेताना मात्र माझ्यासारखा एसी बघत बसू नका. मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. आणि एक चक्कर स्वतः मागे बसून मारा.

बुश काढायला आर्म उतरवून शेजारच्या लेथवाल्याकडे प्रेसखाली न्यावा लागला. काकांनी आधीच सांगितलं होतं, 'दोन्ही बाजूंचे एकदम करा. उजवा पण म्हातारा झालाय.' पण दोन टायर पुन्हा घ्यायचे होते आणि एका संपादकाकडून चेक यायचा होता. (तो अजून यायचाय!) मी म्हटलं, सध्या फाटलाय तो डावा करू. काका काही बोलले नाहीत. एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती. आर्म परत चढवल्यावर त्यांनी बोल्ट लगेच पूर्ण आवळला नाही. गाडी चाकांवर उभी केली, गॅरेजातल्या दोन पोरांना मागच्या सीटवर बसवलं आणि मग खाली जाऊन बोल्ट आवळला. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. जाम झालेला अलाइनमेंटचा बोल्ट तापवून, तेल पाजून तासाभराने सुटला. स्क्रीनवर चारही चाकं हिरवी झाली तेव्हा मी फोटो काढला. लोक सनसेटचे काढतात.

मंगळवारी आईला घेऊन निघाले. मानपाडा गेलं. काटई आलं. नेहमीचा खड्डा, नेहमीची जागा. मी मुद्दाम स्पीड कमी केला नाही. धप्प असा मऊ आवाज आला आणि गाडी पुढे गेली. मागे शांतता. आरशात बघितलं, आईचे डोळे मिटलेले. शीळफाट्याच्या सिग्नलला मला राहवलं नाही.

'आई, काही जाणवलं का गं?'

'हो, बरं आहे.' डोळे न उघडताच ती म्हणाली. 'डावीकडचं थांबलं. पण आता उजवीकडचं ऐकू येतंय.'

ठाण्याला पोचल्यावर मी काकांना फोन करून हे सांगितलं. ते खूप वेळ हसले.

'शनिवारी या,' म्हणाले, 'आणि आईंना घेऊन या. नवीन पोरगं ठेवलंय, त्याला एवढं ऐकू येत नाही.'